परत केलेला अँटेना

संग्रामच्या फ्लॅटमधला टीव्ही म्हणजे नसती कटकट. आमच्या धारच्या घरी बटण दाबलं की टीव्ही लागायचा. इथे देवासला बटण दाबलं की तो उलट विचारतो, कोण बघतंय? अरे, तुला काय करायचंय कोण बघतंय ते! मग पासवर्ड, मग ते गोल फिरणारं चक्र. मुलगा संग्राम आणि सून दोघं नोकरीवर गेले की ते चक्र थांबवणारं घरात कुणी नाही. मी नर्मदाबाई, दीडशे पानांच्या पंगती एकटीने उठवलेली बाई, पण त्या चक्रापुढे हात टेकले.

टीव्ही मला माझ्यासाठी नको होता, ह्यांच्यासाठी हवा होता. पाच महिन्यांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि वाचा, दोन्ही गेलं. हात आता जरा हलतो, काठी धरून मोरीपर्यंत जातात, पण तोंडातून शब्द नाही. धारला चाळीस वर्षं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं ह्यांनी. पार बदनावरपर्यंत लोकांच्या छतांवर अँटेना चढवले. कृष्णाजींच्या दुकानात गेलेलं गिऱ्हाईक तासभर सुटायचं नाही, इतके बोलायचे. तो माणूस आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला.

बोलणं शिकवायला दर बुधवारी इंदूरहून शिखा मॅडम येतात. पोरगी गुणी आहे, पण तिची ती चित्रं! गाय, आंबा, छत्री. "काकाजी, ये क्या है?" सत्तरीच्या माणसाला गाय दाखवून विचारायचं हे काय आहे. हे ओठ घट्ट मिटून घ्यायचे. मला तर वाटायचं, चुकून शब्द आलाच तरी गिळून टाकत असतील. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की जेवढं परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं, पुढे फार हळू. म्हणजे महिना उरला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचंच मी सोडून दिलं होतं.

"घरात आवाज राहू द्या, बातम्या, गाणी, काहीही," असंही त्या म्हणाल्या. बिल्डिंगच्या छतावर डिश लावू देत नाहीत. म्हणून मी घरातल्या घरात बसणारा अँटेना शोधत भूपेंद्रच्या दुकानात गेले.

"टीवी कित्ता पुराना है, काकीजी?" त्याने विचारलं.

"तीन वर्षांचा."

"फिर तो डिजिटल सीधा पकड़ लेगा, डब्बा अलग से नी लगेगा. घर टेकरी के इधर है कि उधर?"

"टेकरीचा काय संबंध रे भिया? मला काही टेकरीवरच्या देवीच्या दर्शनाला जायचं नाहीये."

त्याने हसत हसत समजावलं. सिग्नल इंदूरहून हवेतून येतो. घर टेकरीच्या मागे असलं तर अख्खी टेकरी आडवी येते. "माताजी खुद बीच में खड़ी हों तो मैं क्या कर लूँगा?" आमचं घर इंदूरच्या बाजूला, तेव्हा तो प्रश्न मिटला.

मग त्याने दोन अँटेना काढले. एक पातळ, चपटा, खिडकीच्या काचेला चिकटवायचा. त्याला बूस्टरची डबी, ती प्लगात लावायची. दुसऱ्याला नुसत्या दोन दांड्या, खाली गोल बैठक, जुन्या पद्धतीचा.

"डंडी वाला मत लो," भूपेंद्र म्हणाला. "नखरे करता है. पहले वाले टाइम में सिग्नल कम हो तो धुँधला ही सही, कुछ तो दिखता था. डिजिटल में पूरा आएगा, नी तो बिलकुल नी आएगा."

दुकानदार स्वस्त वस्तू नको म्हणायला लागला की माझे कान टवकारतात. मी म्हटलं, "दोन्ही दे. लावून बघते. संध्याकाळी एक परत आणून देईन."

"काकीजी, आपने तो साड़ी की दुकान समझ लिया!"

"मग? साडी बघून घ्यायची आणि अँटेना न बघता होय?" दोन्ही पिशवीत टाकले आणि निघाले.

घरी येऊन आधी बूस्टरवाला लावला. ह्यांच्या पलंगाशेजारच्या खिडकीला चिकटवला, टीव्हीला चॅनेल शोधायला लावलं, आणि काय सांगू, लख्ख चित्र! कोणीतरी शेतकऱ्यांना सोयाबीनवरच्या किडीबद्दल सांगत होता, तर पानावरची अळीसुद्धा मोजून घ्यावी. मी आनंदाने वळले. ह्यांनी एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा काचेकडे बघितलं, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं.

खोटं कशाला बोलू, स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून रडले मी. मग डाळ चढवली. रडून पोट भरत नाही.

चित्र लख्ख आहे, हाच ठेवायचा, हे ठरलंच होतं. पण दुसरा नुसता पिशवीतून नेऊन परत करायचा हे काही मनाला पटेना. बघते म्हटलं होतं, तर बघायला हवं. चपटा काढला, दांड्यांचा खिडकीत ठेवला. पुन्हा चॅनेल शोधले. सोयाबीनवाला आला, आणि मी हात काढताच पडदा काळा. दांडी धरली की यायचा, सोडली की जायचा. भूपेंद्रचं खरं होतं, मेला नखरेबाज होता. टीव्हीकडे पाठ करून मी त्या दांडीशी झटत बसले.

"गेलं."

"गेलं काय गेलं? आत्ता तर होतं!"

"गेलं."

"थांबा की जरा. आता?"

"आलं."

"मग उगाच कशाला..." एवढं बोलले आणि माझ्या ध्यानात आलं. घरात मी आणि हे, तिसरं कुणी नव्हतं.

धारला हे छतावर चढून अँटेनाचा खांब फिरवायचे आणि मी खाली टीव्हीसमोर उभी राहून ओरडायची, आलं, गेलं, आलं. जन्मभर ते माझं काम. त्या सवयीने मी तोंड चालवलं होतं, आणि बोलतंय कोण ते मात्र आत्ता कळलं.

धावत जाऊन ह्यांना मिठी मारावी, पुन्हा बोला, पुन्हा बोला म्हणावं असं वाटलं. पण ते मिटलेले ओठ मी पाच महिने बघत होते. मी वळलेच नाही. गुपचूप दांडी सोडून दिली.

"गेलं," हे म्हणाले. वैतागून म्हणाले.

मी दांडी फिरवली. "आता?"

"नाही."

"आता?"

"डा..." जीभ अडखळली. मी दांडी तशीच धरून ठेवली. "डाव... डावीकडे."

मी मुद्दाम उजवीकडे फिरवली. देवा, क्षमा कर.

"डावीकडे!" ह्यांनी डाव्या हाताने काठी पलंगावर आपटली. असे चिडले, असे चिडले! धारच्या दुकानात सोल्डरिंगची वायर सापडली नाही की असेच चिडायचे. खिडकीबाहेर तोंड करून मी रडत होते आणि दांडी फिरवत होते. डाळ करपली तिकडे. करपू दे म्हटलं.

संध्याकाळी संग्राम आला तर बूस्टरवाला खोक्यात बांधलेला. "आई, तो परत? अगं, हा तर दर दोन मिनिटांनी जातो!"

"म्हणूनच," मी म्हटलं. "जा खिडकीत, फिरव दांडी."

त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण फिरवली.

"गेलं," ह्यांनी त्याला सांगितलं.

संग्राम तिथेच खिडकीखाली फरशीवर बसला. एवढा मोठा घोडा, पण हमसून हमसून रडला.

अंधार पडायच्या आत मी भूपेंद्रकडे गेले. त्याने खोकं उघडून बघितलं. "काकीजी, गलती से अच्छा वाला ले आए आप."

"चुकून नाही आणलेला. हा नको मला."

"वो डंडी वाला रोज परेशान करेगा आपको!"

"करू दे रे बाबा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते. दोघं कामाला गेलेले. आतून टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद पडला. मी मुद्दाम उठले नाही.

"गेलं!"

मी कणीक मळत राहिले.

"गेलं!" मग जरा थांबून, जीभ सावरत, पण पहिल्यासारखाच खणखणीत आवाज आला, "अगं!"

पंचेचाळीस वर्षं हे मला एवढीच हाक मारत आलेत.

"आले, आले," मी पिठाच्या हातांनीच उठले. "ओरडता कशाला एवढे? बहिरी नाहीये मी."