लांबी भरलेली होडी

दर्यावर्दी संग्रहालयाच्या दारात थोरल्याने आईची पिशवी घ्यायला हात पुढे केला, तेव्हा म्हातारीने ती अशी काखेत दाबली की त्याने पुन्हा नाव काढलं नाही. आत नवऱ्याची हत्यारं होती, लाकडी मोगरी आणि पाच बोथट छिन्न्या. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून होडी पाण्याला बंद करायची, हे त्या माणसाने चाळीस वर्षं केलं. थोरल्याने हत्यारं संग्रहालयाला द्यायचं परस्पर कबूल केलं होतं. ती म्हणाली होती, आधी जागा बघेन, मग काय ते बोलेन.

आत दात वाजावेत असा गारठा. भिंतीवर ओळीने दाढीवाल्या कप्तानांचे फोटो.

"एकाच्याही नखात डांबर नाही," ती म्हणाली. "हे होडीत बसायचे की फोटोतच?"

"आई, हळू बोल."

"का, झोपलेत का ते?"

संग्रहालयाचे साहेब लगबगीने आले. काचेच्या रिकाम्या कपाटावर नवऱ्याच्या नावाची पितळी पाटी लागलेली होती. ती बघून थोरल्याने डोळे पुसले. बाप जिता असताना त्याच्या कपड्यांना तेलाचा वास येतो म्हणून हाच त्याच्या शेजारी जेवायला बसत नसे.

म्हातारी कपाटापाशी थांबलीच नाही. दालनाच्या मधोमध होडी उभी होती, नव्या नवरीसारखी चकचकीत. तिने फटीवरून नख फिरवलं.

"हे काय भरलंत?"

"लांबी, आजी. इथल्या हवेत लाकूड आकसतं. दरवर्षी लांबी भरून रंग देतो. ओळखूसुद्धा येत नाही."

"लांबी भिंतीला लावतात. कापूस लाकडाबरोबर फुगतो, लाकडाबरोबर आकसतो. लांबी कुणाचंच ऐकत नाही."

तिने पिशवीतली बारकी छिन्नी काढून फटीत सारली. वीतभर लांबी खपलीसारखी निघून साहेबांच्या बुटावर पडली.

"हात लावू नका, आजी."

"कुणी लावला नाही म्हणून तर ही दशा." तिने मोगरी पुढे केली. "धरा बघू."

साहेबांनी मोगरी मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरली. "या कामाला आमच्याकडे माणूस आहे."

"कोण?"

"रंगारी."

म्हातारीने मोगरी काढून घेतली, पदराने पुसली आणि पिशवीत टाकली.

"आई, चार लोकांत माझी काय पत राहील?" थोरला कुजबुजला. "बाबांचं नाव लागलंय इथे."

"हत्यारं खाडीवरच्या होड्यांच्या कारखान्यात देईन. तिथला मिस्त्री पितो, शिव्या देतो, पण त्याला मोगरी धरता येते."

"आणि पाटीचं काय?"

"ती कुठे पाण्यात जायचीय? राहू दे."

थोरला कपाटापाशीच घुटमळत राहिला. ती मागे न बघता बाहेर पडली, आणि खाडीकडे जाणारी बस कुठून सुटते ते तिने दारावरच्या पहारेकऱ्याला विचारून घेतलं.