हिंदुरावांच्या बरगडीखालचा डाग

मित्रांनो, मी सोनोग्राफीची एक जुनी मशीन आहे. बारामतीतल्या एका दवाखान्याच्या अडगळीत चादर पांघरून उभी असते. माझी वायर केव्हाच काढून ठेवली आहे, तरी एक डाग माझ्या पडद्यावरून जात नाही.

त्र्याण्णव साली मी इथं आले तेव्हा माझा थाट काय विचारता! लोक चपला बाहेर काढून माझ्या खोलीत येत. मीही जरा शेफारलेच. खरं तर फुफ्फुसातल्या हवेपुढं माझं काही चालत नाही. पण गाठ कडेला, बरगडीला लागून असली की मला ती स्वच्छ दिसते.

पळसदेवच्या हिंदुरावांची गाठ तशीच होती. सहा महिने टीबीच्या गोळ्या खाऊनही त्यांचा खोकला हटत नव्हता. डॉक्टरांनी माझ्या पडद्यावर नजर ठेवून बरगड्यांमधून सुई घातली आणि गाठीचा बारीक तुकडा काढला. सुई नेमकी लागली म्हणून सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

तुकडा औषधाच्या पाण्यात घालून ती बाटली डॉक्टरांनी हिंदुरावांच्या बायकोकडे, प्रयागबाईंकडे दिली. पुण्याच्या लॅबमध्ये पोचवा, म्हणाले. तेव्हा तशीच पद्धत होती. कशासाठी पोचवायची, हे सांगायला मात्र कुणाला सवड नव्हती. बाहेर पेशंटची रांग होती.

चार महिन्यांनी दोघं परत आले. हिंदुरावांना धड बसवत नव्हतं. डॉक्टरांनी रिपोर्ट मागितला, तेव्हा कळलं की बाटली पुण्याला गेलीच नव्हती. गावाकडं आजाऱ्यावरून ओवाळलेला उतारा सोडतात, तशी प्रयागबाईंनी ती उजनी धरणाच्या पाण्यात सोडली होती आणि मागं न बघता त्या घरी गेल्या होत्या.

"रोग भाईर निघाला व्हता न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग त्यो जवळ कशाला बाळगायचा?"

डॉक्टरांनी मला सुरू केलं. डाग मुठीएवढा झाला होता आणि शेजारी आणखी दोन उमटले होते. या वेळी दुसरा तुकडा काढून कंपाउंडर स्वतः पुण्याला गेला. कॅन्सर निघाला. उपचाराची वेळ टळून गेली होती.

"पयलीच बाटली पोचली असती तर?" प्रयागबाईंनी विचारलं. डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. मला तरी काय ठाऊक?

हिंदुराव गेले. पुढं मी शेकडो छात्या पाहिल्या, पण प्रत्येकीत आधी त्यांचाच डाग दिसायचा. मला भीती वाटायची, अजूनही वाटते.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल. सुई नेमकी लावायला तुम्ही शिकालच. पण बाटली हातात देताना दोन मिनिटं थांबा आणि समोरच्या माणसाला नीट सांगा, की रोग अजून आतच आहे.