मोतीबाईची हरकत

मोरिवलीत मोतीबाईचं घर आणि तिचा दीर चंदर याची रिकामी जागा एकमेकांना लागून होती. सासऱ्यांनी हयातीतच दोघा मुलांना वाटून दिलेली. नवरा, हरिचंद्र, गेला तेव्हा मोतीबाईने घर मुलाच्या, बाळारामच्या, नावावर करून टाकलं. बाईमाणसाला कचेरीत कोण विचारतं, असं तिला वाटलं. बाळाराम तेव्हा नुकताच एका रंगाच्या कंपनीत लागला होता.

सत्याऐंशी साली चंदरने आपल्या जागेवर दुकानांची दुमजली इमारत काढायचं ठरवलं. कंपन्या वाढत होत्या, उल्हासनगरचे सिंधी व्यापारी गाळे विचारत फिरत होते. पण जागा अरुंद. नियमाप्रमाणे शेजारच्या हद्दीपासून दहा फूट मोकळे सोडायचे, तर गाळ्यांची एकच ओळ बसत होती. दहाऐवजी तीनच फूट सोडायची सवलत मिळावी, असा अर्ज त्याने पालिकेत दिला. पालिकेने शेजाऱ्यांच्या हरकती मागवल्या.

मोतीबाई आधी चंदरकडे गेली. ती लग्न होऊन आली तेव्हा तो एवढासा होता. सासू आजारी, म्हणून तिनेच त्याला भरवलं, न्हाऊमाखू घातलं होतं. त्याने तिला खुर्ची दिली, चहा दिला. "वैनी, धंद्याची गोष्ट हाय. तू मनाला लावून घेऊ नको," एवढंच म्हणाला.

मग तिने बाळारामला हरकत लिहून द्यायला सांगितलं. तो हो हो म्हणत राहिला. सुनावणीच्या दिवशी कंपनीत आपली पाळी आहे म्हणून सकाळीच निघून गेला, तेव्हा ती एकटीच पालिकेत गेली. तिथे चंदरच्या शेजारच्या बाकावर बाळाराम बसलेला होता. आपल्याच बाजूने बोलायला सुट्टी काढून आला असेल, असं तिला वाटलं आणि जरा धीर आला.

नाव पुकारल्यावर ती उभी राहिली. "साहेब, माझ्या घराला वारा न् उजेड त्या एकाच अंगाने येतो. दुसऱ्या अंगाला कंपनीची भिंत हाय. हितं इमारत चिकटली तर आम्ही राहायचं कसं?"

समितीच्या अध्यक्षांनी नीट ऐकून घेतलं. मग घर कुणाच्या नावावर आहे, असं विचारलं.

बाळाराम उठला. "माझ्या नावावर हाय साहेब," तो म्हणाला. "आमची काय हरकत नाय."

समितीने सवलत मंजूर केली. पुढचं प्रकरण पुकारलं तरी मोतीबाई उभीच होती. शेवटी शिपायाने तिला बाजूला व्हायला सांगितलं.

वाटेत बाळारामने आपण होऊन सांगितलं. काका एक गाळा देणार होता. कंपनीतल्या वासाने त्याचा खोकला हटत नव्हता. अजून किती वर्षं तिथे काढायची? मोतीबाईला त्याचा खोकला ठाऊक होता. ती रोज रात्री तो ऐकत होती.

"मना आधी सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मी काय तुझ्या आड आली असती? चार माणसांत मना उभी कशाला केलीस?"

बाळाराम खोकत खोकत पुढे चालू लागला.

इमारत झाली. मोतीबाईच्या घरात दिवसाही दिवा लावावा लागू लागला. चंदरने शब्द पाळला, पण बाळारामला दिलेला गाळा मागच्या बाजूचा, त्या तीन फुटांच्या बोळात उघडणारा. गिऱ्हाईक तिथवर येतच नसे. नोकरी सोडून मांडलेलं सायकल दुरुस्तीचं दुकान दोन वर्षांत बंद पडलं.

पुढे बाळारामने घर पाडून वर दोन खोल्या काढायचं ठरवलं. त्यानेही तीन फुटांची सवलत मागितली. या खेपेला हरकत चंदरने घेतली: गाळेवाल्यांचा वारा अडेल. इतक्या चिंचोळ्या बोळात आगीचा बंब शिरणार नाही, असा शेरा मारून पालिकेने अर्ज फेटाळला. ओलीने भिंती फुगल्या होत्या. घर विकायला काढलं, तर नवं बांधकाम होऊ न शकणारी ती जागा घ्यायला चंदरखेरीज कुणी पुढे आलं नाही.

घर त्यालाच विकून मोतीबाई, बाळाराम आणि त्याची बायको बदलापूरला फ्लॅटमध्ये राहायला गेले. मोतीबाई मुलाशी बोलत असे. पाणी आलं का, भाजी काय आणू, इतपत. त्र्याण्णव साली चंदरच्या मुलीचं लग्न निघालं. तो स्वतः आमंत्रणाला आला, वाकून वहिनीच्या पाया पडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही.

बाळाराम आणि सून लग्नाला गेले. अंग दुखतं म्हणून ती घरीच राहिली. सुनेने तिच्यासाठी आठवणीने लग्नातलं जेवण बांधून आणलं. मोतीबाईने ते उघडूनही पाहिलं नाही, खाली जाऊन गाईपुढे ठेवलं आणि वर येऊन रात्रीसाठी भात शिजत टाकला.