गुळणीचं औषध आणि नसची डबी

“तंबाखू पूर्ण बंद. नाहीतर गुळण्यांच्या या औषधाचा काही उपयोग नाही,” यवतमाळच्या डॉक्टरबाई बजावत होत्या. प्रेरणाच्या सासूबाईंच्या, म्हणजे बेबीताईंच्या हिरड्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. प्रेरणाचं अर्धं लक्ष घरी, कळंबला जाणाऱ्या बसकडे होतं; लहानगी लेक सलोनी शेजाऱ्यांकडे ठेवलेली. “आमच्या घरी कोणीच खात नाही,” प्रेरणा म्हणाली आणि उठली.

घरी ती औषध स्वतः मोजून द्यायची. जोरात चूळ भरू नका, तोंडात घोळवा आणि हळूच सोडून द्या, असं रोज सांगायची. बेबीताई तोंड वाकडं करत का होईना, ऐकायच्या. तरी टाक्यांतून रक्त येतच राहिलं, गाल सुजला. प्रेरणाचा जीव थाऱ्यावर राहीना. औषध खोटं असेल का? की आपलंच काही चुकतंय?

एका सकाळी न्हाणीपाशी सलोनी दिसली. बोट काळं, हिरड्या काळ्या, मांडीवर आजीची नसची, हिरड्यांना घासायच्या काळ्या पुडीची, डबी! आजीसारखंच ती हिरड्यांवर बोट फिरवत होती. तेवढ्यात तिला उलटी झाली.

प्रेरणाने तिचं तोंड धुतलं. “आई, तुम्ही अजून नस घासता?”

“घासतो नं. त्याबिगर सकाळ होत नाही. अन् वरून तुहं औषध घेतोच की. मी कुठं तंबाखू खातो वं? हे तं मंजन हाय.”

आधी लेकरांचा दवाखाना गाठला. तिथे सलोनीला संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं, मग धोका नाही म्हणाले. तिथून तिघीही यवतमाळच्या डॉक्टरबाईंकडे गेल्या.

त्यांनी डबी उघडून वास घेतला. “आजी, ही तंबाखूचीच पूड आहे. तुम्ही ताज्या जखमेवर ती घासता. औषधाने जंतू मरतात, तंबाखूचं विष नाही धुतलं जात. आणि तुम्ही थुंकता, नात गिळते.”

बेबीताईंनी डबी डॉक्टरबाईंच्या टेबलावर सरकवली. “हे तुमच्यापाशीच ठेवा. घरी नेली तं हात जाईन.”

पुढचे दिवस सोपे नव्हते. नस सुटल्याने बेबीताईंचं डोकं दुखे, चिडचिड होई, डॉक्टरबाईंना फोन होत. पण जखम भरली.

औषधाची गुळणी हे सवयीवरचं पांघरूण नव्हे. आणि “तंबाखू खाता का?” असं घरात विचारू नका, उत्तर “नाही” असंच येईल. आज आईला, सासूला, आजीला एवढंच विचारा: सकाळी हिरड्यांना काय लावता? आणि डबी कुठे ठेवता, तेही बघून या.