नळ्यावालीचा भाव

माझा जावई भूपेंद्र जेवताना मोबाईल पाण्याच्या गडव्याले टेकवून ठेवते. भाजीत मीठ जास्त पडलं का पोळी करपली, त्याले पत्ता नसते. मी समोर बसून वाढत राहते अन् तो हिरव्या-लाल आकड्यांकडे पाहून घास गिळते. पोटचा पोरगा असता तर तोच गडवा मी त्याच्या डोक्यावर रिकामा केला असता. पण जावई पडला. आमच्या सौंसरात जावयाले कोणी टोकत नाही. एका घरचा जावई म्हणजे अख्ख्या गल्लीचा जावई, त्याचं उष्टं ताटसुद्धा त्याले उचलू देत नाहीत.

पांढुर्ण्याच्या मंडीत तो संत्र्याची दलाली करते. उभी बाग पाहून किती क्रेट निघन ते सांगते, अन् तितकेच निघतात. उगाच खोटं कायले बोलू? म्हणून तर लोकायचा त्याच्यावर भरोसा बसला.

अखाजीच्या सणाले माझ्या पोरीले, रश्मीले, घेऊन आला, अन् ओट्यावर बसून सांगू लागला. "आई, एक कंपनी आहे. ठिबकच्या नळ्या बनवते. अडीच रुपयाले शेअर. अडीच रुपयात चहा तरी भेटते का?"

"चहा पोटात तरी जाते," मी म्हटलं.

ओट्यावर जमलेली गल्ली हसली. हसता हसता सगळ्यांनी पैसे टाकले. मीही टाकले, बागेचे. कवडू टेलर म्हणे, "नळ्या आपल्या वावरात आहेतच, आता कंपनीतही आपणच."

शेजारच्या लीलाबाईनं टाकले ते मात्र साधे पैसे नव्हते. ती शाळेत खिचडी शिजवते. तिचा नवरा रामाकोन्याजवळ ट्रकखाली आला, त्याच्या भरपाईचे जे भेटले ते तिनं पोरीच्या, दामिनीच्या, नर्सिंगसाठी ठेवले होते. पोरगी हुशार. छिंदवाड्याच्या कॉलेजात नंबर लागणार होता, फी दसऱ्याच्या आधी भराची होती. "तोवर बँकेत पडून काय करतात, मावशी?" जावई म्हणे, अन् दामिनीच्या मोबाईलवर त्यानंच खातं उघडून दिलं.

मग रोज सकाळी बाजार उघडला का नळ्यावालीचा भाव त्या दिवसाच्या वरच्या हद्दीले जाऊन टेके. त्याच्या वर त्या दिवशी जाऊ देत नाहीत म्हणे. पोळ्यापर्यंत अडीचचे अकरा झाले. गल्लीची चाल बदलली. कवडूनं माझं ब्लाऊज महिनाभर लटकवलं. विचारलं तर म्हणे, "काकू, आता मी हौसेनं शिवतो."

पोळ्याच्या दिवशी जावई पाटावर बसला होता. लीलाबाई मागच्या दारानं आली, पदर सावरून उभी राहिली.

"जावईबुवा, माझे काढून घेऊ का? दामिनीच्या फीचे झाले. वरून उरतातही."

विकाचं बटण तिच्या घरात, पोरीच्या हातात. तिले कोणाले विचाराची गरज नव्हती. पण विचारल्याबिगर विकलं तर जावयाचा अपमान, म्हणून आली होती.

"मावशी, मंडीत सकाळची पहिली गाडी सस्त्यात गेली का मागच्या सगळ्या गाड्यायचा भाव पडते," तो म्हणाला. "तुम्ही विकलं का कवडू विकन, कवडूनं विकलं का गल्ली विकन. भाव तुटन. सगळ्यांनी धरून ठेवाचं. पंधरा होऊ द्या, मी सांगतो, एकाच दिवशी काढू."

मुंबईच्या त्या बाजारात आमच्या गल्लीले कोण ओळखते? पण मंडीची रीत आमच्या हाडात बसली आहे. इथं एकट्यानं सस्त्यात बाग देऊन टाकणाऱ्याच्या घरी लोक लग्नालेही जात नाहीत. लीलाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तर रश्मीनं डोळे मोठे केले. मी तुपाची वाटी उचलली अन् जावयाच्या पुरणपोळीवर धार धरली.

"तुम्ही म्हणता तसं," लीलाबाई म्हणाली, अन् गेली.

गणपती उठले अन् भाव खालच्या हद्दीले टेकला. "मंडीतही मंदी येते," जावई फोनवर म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन, आवाज फाटलेला, "विका! सगळे विका! माझेही जाऊन नाही राहिले!"

विकाचं कोणाले? सकाळी आम्ही लीलाबाईच्या पायरीवर जमत होतो. दामिनी बटण दाबे. मोबाईल म्हणे, रांगेत लागलं. संध्याकाळी म्हणे, रद्द झालं.

"जोरात दाब, पोरी," कवडू म्हणाला. कोणी हसलं नाही.

"हा भाव दिसून राहिला, या भावात घेऊन कोण राहिलं?" मी विचारलं.

"कोणीच नाही, आजी. नुसता दिसते."

मंडीत सडलेलं संत्रंही रसवाला पोत्यात भरून नेते. इथं माल आमचा, मोबाईल आमचा, अन् पुढं माणूसच नाही. भांडाचं तर कोणाशी? मी सरपंचाले ऐकवलं आहे, पटवाऱ्याले दारातून परत पाठवलं आहे. या काचेले काय ऐकवू?

फीच्या शेवटल्या दिवशी दामिनी बाजार बंद होईपर्यंत पायरीवर बसली. मग उठली, घागर घेतली अन् नळावर गेली. लीलाबाई भांडाले माझ्या दारात आली नाही. आली असती तर बरं वाटलं असतं. माझ्याजवळ देण्यासारखं काही नव्हतं. सोनं आमच्या ह्यांच्या आजारात गेलं, बागेचे पैसे त्याच नळ्यात, अन् झाडावरचं संत्रं अजून हिरवंगार. आता दामिनी लोधीखेड्याच्या रस्त्यावर पॅकिंगवाल्याकडे संत्री छाटाले जाते. लहान इकडं, मोठं तिकडं.

दसऱ्याले जावई सोनं द्याले आला. गाल बसलेले, दाढी वाढलेली. त्याचेही अडकलेले, हे मी नाकारत नाही. मी पाट मांडला, वाढलं. त्यानं मोबाईल काढला अन् गडव्याले टेकवला.

"आई, एक रुपया साठ पैशाले आला," घास चावत तो म्हणाला. "आता उलट घेण्याची वेळ आहे. लीलामावशीलेही सांगा, थोडे अजून टाकले तर खरेदीची सरासरी खाली येईल. मग भाव जरा वर आला का निघून जाऊ."

मी पळी भाजीत परत ठेवली. रश्मी खाली पाहत होती. तो जेवून उठला, रश्मी ताट घ्याले वाकली, अन् मी तिचा हात धरला.

"राहू दे, रश्मे. जावईबुवा, लीलाबाईच्या पोरीची जागा मी परत आणू शकत नाही, तुम्हीही नाही. जेवाले येत जा, चार दिवस राहत जा, पुरण करून घालीन. पण या गल्लीत कोणाले 'धरून ठेवा' म्हणाचं नाही, अन् 'अजून टाका' तर अजिबातच नाही. अन् आजपासून आपलं ताट आपण उचलाचं. मोरी मागच्या अंगणात आहे. तिथून लीलाबाईचं दार दिसते. घासताना मान वर ठेवजा."