छायामहाराजांनी काढलेला आईचा फोटो

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं खिडक्यांच्या कठड्यांवर चढली. सगळ्यांचे डोळे लागले होते व्यासपीठावरच्या एका जुनाट कॅमेऱ्याकडे. आणि कॅमेऱ्यामागे, त्रैलोक्याची चिंता कपाळावर घेऊन, छायामहाराज उभे होते.

"मोबाइल खोटं बोलतो!" महाराज गरजले. "संगणक तर जातिवंत लबाड! पण फिल्म? फिल्मवर असते चांदी, आणि चांदीवर उमटतं ते सत्य! तुमच्या डोळ्यांना फक्त जिवंत माणसं दिसतात. माझ्या चांदीला गेलेलीही दिसतात!"

फिल्मवर चांदीचे क्षार असतात, एवढं खरं. बाकी सगळी थाप. पण थाप पचायला तिच्यात चिमूटभर खरं कालवावंच लागतं.

पहिल्या रांगेत मास्तरीण दातओठ खात बसली होती. शाळेत विज्ञान शिकवायची म्हणून गल्लीने तिचं नावच मास्तरीण ठेवलं होतं. ती आली होती, कारण कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत तिचे वडील होते. अण्णांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला होता आणि अण्णांची पाचावर धारण बसली होती. त्यात शेजारच्या काकूंनी महाराजांचं नाव सुचवलं. बुडत्याला काडीचा आधार, आणि इथे तर काडीच चालत घरी आली.

खट्ट आवाज झाला. महाराज कॅमेरा घेऊन पडद्याआड गेले. आत लाल दिवा लागला. बाहेर लोकांना डोळे मिटून बसायचा हुकूम होता. बऱ्याच वेळाने महाराज दोन बोटांत ओला फोटो धरून बाहेर आले.

काळ्यापांढऱ्या फोटोत अण्णा खुर्चीत बसले होते आणि त्यांच्यामागे आई उभी होती. दोन वर्षांपूर्वी गेलेली आई! खांद्याखाली नुसतं धुकं, चेहरा मात्र लख्ख.

"आल्या की हो!" काकू किंचाळल्या. अण्णा ढसाढसा रडू लागले. मास्तरीणही पुढे वाकून बघू लागली. आईच होती ती.

"नजर बघा, नजर!" महाराजांनी फोटोवर बोट ठेवलं. "खाली वळलेली, थेट यांच्या हृदयावर! माउली दुखणं ओढून घेतेय. आता तिथे सुरी चालवाल, तर ती तिच्या हातांवर चालेल!"

घरी येताच अण्णांनी दवाखान्यात फोन केला आणि शस्त्रक्रिया रद्द केली.

"अण्णा, थांबलात तर जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणालेत."

"डॉक्टर तुझ्या आईपेक्षा शहाणे का?"

"अहो, आई आली नव्हती!"

"डोळ्यांनी बघूनही असं म्हणतेस? तू शाळेत शिकव. घरात नको शिकवूस."

मास्तरणीने रागाने मान फिरवली आणि तिला भिंतीवरचा रिकामा खिळा दिसला. "इथला आईचा फोटो कुठे गेला?"

"मागच्या आठवड्यात महाराजांचा शिष्य घेऊन गेला. आत्म्याची ओळख पटवायला लागतो."

"वा! म्हणजे परलोकातून माणूस बोलवायचा, तर ओळखपत्र इथून न्यायचं!"

अण्णांनी पाठ फिरवली. मास्तरीण मात्र खिळ्याकडे बघत राहिली.

घरात फोटो काढायची ती आईच. गळ्यात एक काळा, चौकोनी, जुन्या पद्धतीचा कॅमेरा असायचा. तो छातीशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. सगळं गणगोत आईच्या फोटोंत होतं, फक्त आई नव्हती. तिचा एकच फोटो. कपाटाच्या आरशासमोर उभं राहून, कॅमेरा छातीशी धरून, तिने स्वतःच काढलेला. तोच या खिळ्यावर होता.

आईची नजर कुठे वळली होती, ते आता मास्तरणीला कळलं. कॅमेरा महाराजांनी धुक्यात झाकला होता, पण नजर झाकायची राहिली होती.

आणि हे जमवलं कसं, तेही तिला ठाऊक होतं. असल्या कॅमेऱ्यात कळ दाबली की रीळ आपल्या हाताने पुढे सरकवावं लागतं. नाही सरकवलं, तर दुसरा फोटो पहिल्याच्याच अंगावर उमटतो. आई हे हटकून विसरायची. एका फोटोत तर मामांच्या पोटातून भरलेली बस बाहेर पडत होती. त्यावरून मामांची कितीतरी वर्षं चेष्टा झाली होती.

पुढच्या सभेत अण्णांनी 'अनुभवकथन' करायचं होतं. आदल्या दिवशी मास्तरीण आईचा कॅमेरा घेऊन कोपऱ्यावर गेली, मग घरी येऊन अण्णांना म्हणाली, "खुर्चीत बसा, आईच्या कॅमेऱ्याने तुमचा एक फोटो काढू दे." आईचं नाव निघाल्यावर अण्णांना नाही म्हणवलं नाही. फिल्म तिने न्हाणीघरातच धुतली.

सभा भरली. महाराजांनी अण्णांना पुढे बोलावलं, तशी मास्तरीणही उठली.

"महाराज, मलाही सिद्धी प्राप्त झालीय," म्हणत तिने फोटो उंच धरला. खुर्चीत अण्णा. मागे धुक्यातून, हात उंचावून आशीर्वाद देणारे साक्षात छायामहाराज!

"महाराज, तुम्ही कधी गेलात? आम्हाला कळवलंसुद्धा नाही!"

मागून कोणीतरी फस्सकन हसलं आणि हसू रांगारांगांतून पसरत गेलं.

"कोपऱ्यावर तुमचं पोस्टर आहे. मागचा रंग काळाकुट्ट. काळा भाग फिल्मवर उमटत नाही, चेहरा आणि हात तेवढे उमटतात. रीळ न सरकवता त्याच जागी अण्णांना टिपलं. झाला आत्मा तयार!"

"नास्तिक बाई!" महाराज किंचाळले. "ही तिची हातचलाखी! माझ्याकडे आली ती खरी माउली. यांनाच विचारा! बोला, हीच तुमची बायको ना?"

अण्णांनी खिशातून महाराजांनी दिलेला फोटो काढला.

"अण्णा," मास्तरीण हळू म्हणाली, "आईचा तीळ कुठल्या गालावर होता?"

"डाव्या. जन्मभर मी तिच्या डाव्या हाताला बसून जेवलो. तीळ माझ्या बाजूला असायचा." बोलता बोलता त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "इथे तर उजव्या गालावर दिसतोय."

"हा आरशातला फोटो आहे," अण्णा म्हणाले. "ती माझ्या छातीकडे नाही बघत. कॅमेऱ्यात बघतेय. सारखी कॅमेऱ्यातच तर बघायची." मग ते महाराजांकडे वळले. "माझ्या बायकोचा फोटो परत द्या."

महाराज मागच्या दाराकडे सरकू लागले. कोणीतरी पडदा ओढला. लाल दिव्याखाली फोटोंच्या चौकटींची चळत रचलेली होती. कोणाचा मुलगा, कोणाची बहीण, कोणाची आजी. लोक आपापली माणसं हुडकू लागले. काकूंना त्यांचे यजमान तळाशी सापडले. त्या पदराने काच पुसत राहिल्या.

महाराजांना नवं गाव आणि नवं पोस्टर मिळेलच. बोलणाऱ्याचे कुळीथ विकले जातात, आणि दुःखाच्या बाजारात तर गिऱ्हाइकांना तोटाच नाही. तेव्हा बाबांनो, गेलेल्या माणसासाठी पोटभर रडा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण कोणी ते माणूस परत दाखवतो म्हणाला, तर डोळे मिटू नका. त्याच वेळी ते उघडे ठेवायचे असतात. आणि दुखणं डॉक्टरांना दाखवा, कॅमेऱ्याला नव्हे.

अण्णांची शस्त्रक्रिया पार पडली. घरी आल्यावर त्यांनी आरशातल्या आईला स्वतःच्या हाताने खिळ्यावर लावलं आणि शेजारी उभे राहिले. मास्तरणीने कॅमेरा छातीशी धरला, मान खाली घातली, कळ दाबली.

"रीळ सरकव आधी," अण्णा म्हणाले. "नाहीतर तुझ्या आईसारखं करशील."