गुंजनचा डब्बा आणि झटका मशीन

गुंजनच्या डब्ब्यानं सकाळीच कळवलं की वांग्याच्या वावरात ओल दोनशे टक्के आहे.

"दोनशे?" तिचे बाबा, भैय्याजी, बाजेवरून म्हणाले. "वांगे पोहून राह्यले का मंग?"

गुंजनला हसू आलं नाही. डोकं नुसतं भणभणत होतं. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन सावंगीच्या दवाखान्यात नुकतंच झालेलं, टाके अजून ओले, वावराकडं फिरकायचं नाही असा डॉक्टरांचा दम. आणि हा बाप असा, की वांग्यांना पाणी मिळालं हे कळल्याशिवाय याच्या घशाखाली घास उतरत नाही! म्हणून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या या पोरीनं वावरात रेडिओचा डब्बा बसवला. डब्ब्यानं ओल मोजायची, घरच्या लॅपटॉपला कळवायची आणि बाबांनी बाजेवर पडून राहायचं. डब्बा खोटं बोलला की बाबा उठून चालू लागणार, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

पण तो खोटं का बोलतोय, तेच तर कळेना. विहिरीवरची मोटर सुरू होताना रेडिओच्या निरोपातली सलग पाच-सहा अक्षरं खाऊन टाकते. एकाच ओळीतली सलग गेली की लॅपटॉपला दुरुस्त करता येत नाहीत. वेगवेगळ्या ओळींतली एकेक गेली तर होतात. त्यावर उपाय म्हणजे इंटरलीव्हर. अक्षरं मिसळून पाठवायची आणि घरी आल्यावर पुन्हा जागच्या जागी लावायची. किडकी वांगी सगळी एका कॅरेटात जाण्यापेक्षा आठ कॅरेटांत एकेक गेलेली बरी, असं तिनं आईला समजावलंही होतं. निरोपाच्या आठ ओळी एकाखाली एक मांडायच्या आणि वरून खाली वाचत पाठवायच्या. अगदी पुस्तकात दिलंय तसंच केलं. तर झालं काय? पूर्वी निरोप फक्त मोटर सुरू होताना बिघडायचा, आता दिवसभर बिघडायला लागला. आगीतून फुफाट्यात!

त्यातही गंमत अशी, की चुका सगळ्या तिसऱ्या ओळीत. बाकीच्या सात ओळी धुतल्या तांदळासारख्या. कोण मेलं निवडून निवडून तिसऱ्याच ओळीला खातंय? गुंजन केस ओढत बसली.

तेवढ्यात तिची आई कुंताबाई वावरातून आली. पाटी ठेवत म्हणाली, "आज डुकरं फिरकले नाई. झटका मशीन मस्त टिकटिक करून राह्यलं."

गुंजन ताडकन उठली. कुंपणाच्या तारेत थांबून थांबून झटका सोडणारं ते मशीन! तिचा रेडिओ संथ, त्यामुळे प्रत्येक झटका मागच्या झटक्यापासून आठव्या अक्षरावर पडत होता. आणि आठ ओळी वरून खाली वाचल्या, की दर आठवं अक्षर त्याच ओळीतलं. म्हणजे मोटरीपासून वाचवायला केलेली मिसळण हिनं झटक्याच्या ताटात स्वतःच्या हातानं वाढली होती.

"सगळं त्या झटका मशीनचं काम आहे, बाबा!" ती ओरडली आणि लॅपटॉप घेऊन वावरात पळाली.

तिथं तिनं डब्ब्यातली मिसळण बदलली. अंतर ठरावीक नाही, चांगली उलटसुलट. मग घरी येऊन ओसरीवर बसून लॅपटॉपलाही तोच नवा क्रम शिकवला. मान वर केली नाही की पाणी प्यायली नाही. शेवटी निरोप आला: ओल बेचाळीस टक्के, पाणी चालू. पुन्हा तोच. पुन्हा तोच!

"बाबा, पाहा न जी!"

बाज रिकामी होती. चपलाही नव्हत्या.

"अवं माय!" कुंताबाई चुलीपाशी ओरडली. गुंजन तोवर रस्त्याला लागली होती.

भैय्याजी वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसले होते. एक हात पोटावर, कपाळ घामानं निथळलेलं. शेजारचं झटका मशीन मुकं.

"आलं का बरोबर?" त्यांनीच आधी विचारलं. "बंद करून टाकलं मी. तूच म्हणत होती ना, त्याचं काम आहे म्हणून."

गुंजन मशीनकडं वळली. म्हणजे निरोप तिच्या मिसळणीनं सुधारला, की टिकटिकच थांबली म्हणून? काहीच कळेना. आधी रागवावं की आधी रडावं, तेही कळेना.

"बाबा, तुमी इथं येऊ नये म्हणून तं डब्बा केला होता!"

"तेच तं. आता डब्बा चालू झाला, आता नाई येत."

तिनं सदरा वर करून पाहिला. पट्टी कोरडी होती. तिच्या जिवात जीव आला. मग तिनं मशीन चालू केलं, टिकटिक सुरू झाली, आणि आईला फोन लावला. "पडद्यावर आत्ता नवीन काय आलं, आई?"

"ओल बेचाळीस," कुंताबाईनं वाचलं. "पाणी चालू. तुहे बाबा कसे आहेत, ते सांग पहिले!"

"बरे आहेत," म्हणून तिनं फोन ठेवला.

"म्हणजे मी आलो नसतो तरी चाललं असतं?" भैय्याजींनी विचारलं.

"हो."

धुऱ्याला हात टेकून ते उठायला लागले. "मले का कळते तुयं ते मिसळणं, पोरी. चार दिवसापासून तुयं उतरलेलं तोंड पाहून राह्यलो. ते नाई पाहवत मले."

"मंग घरी बसून सांगा ना तसं," गुंजन रडत रडत म्हणाली. "हासली असती मी."